प्रेक्षक, दर्शक की बघ्या?

विचारणा (रत्नागिरी) : बारावीच्या विद्यार्थ्यांकडून मी दूरचित्रवाणी आणि मोबाइल या विषयावर निबंध लिहून घेतले. बहुतेकांनी ‘दर्शकांना मालिका आवडतात’, ‘दर्शकांची दिशाभूल होते’ असे लिहिले आहे. मी तो शब्द खोडून ‘प्रेक्षक’ केला, तेव्हा एका मुलीने विचारले, ‘सर, बातम्यांत तर दर्शकच म्हणतात; मग चुकले कुठे?’ तिचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही.

उत्तर (कुडाळ) : सर, व्याकरणाच्या अंगाने त्या मुलीचे फारसे चुकलेले नाही. संस्कृतात ‘दर्शक’ म्हणजे पाहणाराही आणि दाखवणाराही. हिंदीने त्यातला पाहणारा उचलला, मराठीने दाखवणारा ठेवला. म्हणून आपले मार्गदर्शक, दिग्दर्शक, दिशादर्शक हे सारे दाखवणारेच आहेत. ‘दर्शकांची दिशाभूल’ हे जुन्या वळणाच्या वाचकाला गमतीचे वाटेल, कारण त्याच्या लेखी दाखवणाराच वाट चुकला! हिंदी बातम्यांच्या घाईघाईने केलेल्या भाषांतरांतून हा शब्द आपल्याकडे रुळला असावा, असा माझा तर्क आहे.

मला खटकते ती त्या शब्दामागची नजर. ‘प्रेक्षक’ हा ईक्ष् धातूचा. परीक्षा, समीक्षा, निरीक्षण, अपेक्षा आणि उपेक्षासुद्धा त्याच घरातल्या. संस्कृतात ‘प्रेक्षा’ म्हणजे पाहणेही आणि विचारशक्तीही, आणि ‘प्रेक्षावान्’ म्हणजे विचारी माणूस. पारखण्याचा आणि नापसंत करण्याचा हक्क या शब्दात मुळातच आहे. ‘दर्शक’ म्हटले की मराठी कानाला ‘दर्शन’ ऐकू येते, आणि दर्शनाला गेलेला माणूस देवाची समीक्षा करत नाही, हात जोडतो. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीला हार घालणारी, उदबत्ती ओवाळणारी घरे होती. त्या मंडळींना दर्शक म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

प्रेक्षक पाहायचा असेल तर जत्रेतल्या धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, बसावे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद नट उभ्या उभ्या रचतो आणि रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडे. गेल्या वर्षी आमच्या जत्रेत राजाचे काम करणारा नट लांबलचक स्वगतात शिरला. पहाटेचे तीन वाजले असतील. पुढे बसलेल्या, कानटोपी घातलेल्या एका आजोबांनी जागेवरूनच आवाज दिला, ‘राजा, आयकाक येना नाय रे!’ राजाने पायपेटीवाल्याला हातानेच थांबवले, दोन पावले पुढे आला आणि ‘प्रजेची तक्रार आमच्या कानी आली’ असे म्हणून उरलेले स्वगत चार वाक्यांत आटोपले. शेजारी एक मुलगा हे सारे मोबाइलवर टिपत होता. ते चित्रीकरण पुढे कितीही जणांनी पाहिले असो, त्यांच्यापैकी कोणालाही राजाचे स्वगत आखूड करता आले नसते.

पुस्ती (मालवण) : मग अंगठ्याने एकामागून एक रील सरकवणाऱ्याला काय म्हणावे? तो पारखत नाही आणि हातही जोडत नाही. मला ‘बघ्या’ हा आपला शब्द तिथे चपखल वाटतो. अपघात झाला की जमतात ते बघे, आणि जबाबदारी असूनही जो हलत नाही त्याने ‘बघ्याची भूमिका घेतली’, असे आपण म्हणतोच. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सच्या बाबतीत चित्रफीत नुसती सुरू झाली किंवा पुन्हा फिरली तरी एक ‘व्ह्यू’ धरायला सुरुवात केली. अमुक इतका वेळ पाहिली पाहिजे अशी अट त्यात नाही. रस्त्याने जाता जाता मान वळवणाराही जिथे मोजला जातो, तिथला लाखाचा आकडा बघ्यांचाच म्हणायला हवा.

उत्तर (कुडाळ) : ‘बघ्या’ मान्य, पण एक अडचण आहे. अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या बघ्याकडे कोणाचे लक्ष नसते. रील सरकवणारा कुठे थांबला, काय पुन्हा पाहिले, काय अर्ध्यावर सोडले याची मात्र बारीक नोंद होते आणि त्याला पुढे काय दाखवायचे ते त्यावरून ठरते. धयकाल्यातल्या आजोबांप्रमाणे त्याच्याही वागण्याचा परिणाम होतो. फक्त त्याने तोंड उघडलेले नसते आणि आपण काय सांगितले हे त्याला ठाऊकही नसते. अशा बघितल्या जाणाऱ्या बघ्याला मराठीत शब्द मला अजून सुचलेला नाही. ‘वापरकर्ता’ तर मुळीच नको, कारण वापरले कोण जात आहे हाच तिथे वाद आहे.

टीव्हीपुरता सरांनी ‘प्रेक्षक’च ठेवावा. गुण कापू नयेत. त्या मुलीला फळ्यावर ‘दर्शक’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द एकाखाली एक लिहून दाखवावेत आणि यांतला दाखवणारा कोण, एवढे तिलाच विचारावे.