जाहिरातदारांचं काम कोणाच्या प्रोजेक्टात?

विषय: २१२ कुठे गेलं??
प्रेषक: स्मरणिका समिती

मंडळी,
काल रात्री रेडमाइन (आपलं कामांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर) उघडलं तर स्मरणिकेच्या रोडमॅपवर, म्हणजे किती काम झालं ते दाखवणाऱ्या पानावर, हिरवी पट्टी टोकापर्यंत. १०० टक्के! खूश होऊन छापखान्याला कळवूनही टाकलं की मजकूर शुक्रवारी देते. सकाळी आठवलं, ‘जाहिरातदारांची अंतिम यादी’ अजून हातात आलेलीच नाही. ते काम, नंबर २१२, माझ्या यादीतूनच गायब आहे. कुणी काढलं? मागच्या वर्षीचा घोळ पुन्हा नको, एवढंच म्हणते.

विषय: पुन्हा: २१२ कुठे गेलं??
प्रेषक: खजिनदार

ताई, काढलं नाही, हलवलं. मीच हलवलं. जाहिरात म्हणजे पैसे आणि पैसे म्हणजे हिशेब. पावती मी फाडतो, थकबाकीचे फोन मी करतो, मग काम माझ्या प्रोजेक्टात नको? ‘हिशेब’मध्ये आहे, सुखरूप आहे. १८ पैकी ११ जणांचे पैसे आलेत.

विषय: पुन्हा: पुन्हा: २१२ कुठे गेलं??
प्रेषक: स्मरणिका समिती

असेल सुखरूप, पण मला ‘हिशेब’ नावाचा प्रोजेक्टच दिसत नाही! वरच्या ‘संमेलन’ या मुख्य प्रोजेक्टमध्येही ते काम नाही. तिथं मला ४१ कामं दिसतात. तुम्ही परवाच्या मीटिंगमध्ये ६३ म्हणालात तेव्हा मला वाटलं मी मोजायला चुकले.

विषय: पुन्हा: २१२ (सर्व्हरकडून)
प्रेषक: रेडमाइन सांभाळणारा

ताई, मोजायला चुकला नाहीत. ‘हिशेब’ हा उपप्रोजेक्ट खाजगी आहे. कुणी किती दिलं ते सगळ्यांना दिसू नये म्हणून ‘पब्लिक’ची खूण काढायची, हे कमिटीतच ठरलं होतं. जो त्याचा सदस्य नाही, त्याला तिथली कामं ‘संमेलन’च्या एकत्र यादीतही दिसत नाहीत. तेवढाच तुमच्या दोघांच्या आकड्यांतला फरक.

आता २१२. रेडमाइनमध्ये एका कामाला एकच प्रोजेक्ट. दुसरीकडे हलवलं की कामाचा नंबर तोच राहतो, पण कॅटेगरी (कामाचा प्रकार) आणि व्हर्जन (कामाचा टप्पा) प्रोजेक्टच्या मालकीची असतात. ‘जाहिरात’ ही कॅटेगरी हिशेबात नाही, म्हणून ती गळली. ‘छपाई’ हे व्हर्जन स्मरणिकेपुरतंच आहे, तेही गळलं. खजिनदारसाहेब, २१२ उघडून खाली हिस्टरी बघा. टार्गेट व्हर्जनसमोर ‘छपाई’वर आडवी रेघ मारलेली दिसेल. रोडमॅप फक्त व्हर्जनमधली कामं मोजतो. अर्धवट राहिलेलं एकच काम होतं, ते निघून गेलं आणि पट्टी भरली. पट्टी खोटं बोलली नाही, तिला कुणी विचारलंच नाही.

आणि एक. काम हलवण्याआधी या लिस्टवर एक ओळ टाकत चला. सर्व्हर मी चालवतो, पण शिव्या खायलाही मीच असतो.

विषय: पुन्हा: २१२ (सर्व्हरकडून)
प्रेषक: मंच समिती

एवढी चर्चा कशाला? कॉपी करा की. एक तिकडे, एक इकडे. दोघंही खूश.

विषय: पुन्हा: पुन्हा: २१२ (सर्व्हरकडून)
प्रेषक: रेडमाइन सांभाळणारा

कॉपी नको, हात जोडतो. कॉपीला नवा नंबर मिळतो. दोघांत ‘कॉपी केलं’ एवढं नातं राहतं, पण एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. कॉर्डलेस माइकचं आठवतंय ना? मंचाच्या यादीत काम बंद, ध्वनीच्या यादीत उघडं. मग दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी माइक बुक केले आणि रद्द करायला तिसऱ्याला पाठवावं लागलं.

विषय: पुन्हा: २१२ – मूळ दोष सॉफ्टवेअरचा
प्रेषक: जुना सदस्य, सध्या कमिटीत नाही

ऑफिसात आम्ही जिरा हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरतो. तिथंही काम एकाच प्रोजेक्टाचं, पण कामं मांडून दाखवणारा बोर्ड चालतो फिल्टरवर. फिल्टरमध्ये दोन प्रोजेक्ट घातले की दोन्हीकडची कामं एका बोर्डावर. असाना या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकच काम चक्क दोन प्रोजेक्टांत ठेवता येतं, कॉपी न करता. बदलायचा विचार करावा असं सुचवतो.

विषय: पुन्हा: २१२ – मूळ दोष सॉफ्टवेअरचा
प्रेषक: रेडमाइन सांभाळणारा

फिल्टर आपल्याकडेही आहेत, क्वेरी म्हणतात, आणि सेव्ह करून सगळ्या प्रोजेक्टांसाठी ठेवता येतात. पण क्वेरी केली तरी ताईंना खाजगी प्रोजेक्टातलं दिसणार नाहीच. असानाचंही सांगतो: तिथं प्रोजेक्टातल्या कामाखाली उपकाम काढलं तर ते आपोआप त्या प्रोजेक्टात जात नाही, वेगळं घालावं लागतं. मग ‘कुठे गेलं??’ अशीच मेल आली असती, फक्त २१२ ऐवजी दुसरं काहीतरी.
संमेलनाला पाच आठवडे असताना बदल? दादा, तुम्ही कमिटीत या आणि करा.

विषय: पुन्हा: २१२ – मूळ दोष सॉफ्टवेअरचा
प्रेषक: अण्णा

संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण पुलाच्या साइटवर होतो तेव्हा सिमेंटच्या गोण्यांची नोंद स्टोअरच्या रजिस्टरात व्हायची आणि साइटच्याही. ट्रक आला की स्टोअरवाला म्हणे साइटवाल्याने लिहिलं असेल, साइटवाला म्हणे स्टोअरने. एकदा चाळीस गोण्या कुठल्याच वहीत नव्हत्या. पावसात भिजून दगड झाल्यावर सापडल्या. नंतर साहेबांनी ठरवलं: ज्याच्या हातून गोणी फुटणार, त्याच्या वहीत नोंद. दुसऱ्याने ती वही बघावी.
जाता जाता: ‘प्रोजेक्टात’ की ‘प्रोजेक्टमध्ये’? या लिस्टवर दोन्ही वाचतोय. ‘प्रकल्प’ म्हणायला काय हरकत आहे?

विषय: पुन्हा: २१२ – मूळ दोष सॉफ्टवेअरचा
प्रेषक: मंच समिती

अण्णा, ‘उपप्रकल्प’ म्हणायचं तर मला मंचावरून घोषणा केल्यासारखं वाटतं. आणि माइक दोन नव्हे, तीन बुक झाले होते. तिसरा माझ्या नावावर होता.

विषय: पुन्हा: २१२ – असं करू
प्रेषक: रेडमाइन सांभाळणारा

अण्णांचा नियम लावतो. यादी छापली जाणार स्मरणिकेत, म्हणून २१२ स्मरणिकेत परत. कॅटेगरी आणि ‘छपाई’ पुन्हा लावलं. त्याच्या पोटात ‘जाहिरात वसुली’ हे उपकाम काढलंय, पण ते ‘हिशेब’ प्रोजेक्टात. एकाच झाडाखालच्या, म्हणजे एकाच मुख्य प्रोजेक्टाच्या, दोन प्रोजेक्टांत मूळ काम आणि उपकाम विभागता येतं, सेटिंग आधीच तसं आहे. उपकामाचा टक्का बदलला की २१२ चा आपोआप बदलेल. ताईंना रकमा दिसणार नाहीत, टक्का दिसेल. खजिनदारसाहेब, तुम्ही फक्त उपकामाला हात लावायचा.

विषय: पुन्हा: २१२ – असं करू
प्रेषक: खजिनदार

मान्य. पण अंतिम यादीवर माझी सही झाल्याशिवाय २१२ बंद करायचं नाही. उपकामावर ६० टक्के टाकलेत.

विषय: पुन्हा: २१२ – असं करू
प्रेषक: स्मरणिका समिती

दिसलं. ६० टक्के, आणि पट्टीही मागे आली. छापखान्याला पुन्हा फोन करून मंगळवार मागून घेतला. ते म्हणाले, “ताई, तुमचा शुक्रवार आम्ही धरलाच नव्हता.”
आता ते उरलेले सात जण कोण ते कुणीतरी सांगा. रकमा नकोत, नावं हवीत. पानं त्यांच्यासाठीच अडली आहेत.