सिग्नल नसलेल्या चौकात स्वयंचलित गाड्यांना वाट कोणी आणि कोणत्या क्रमाने द्यावी?

प्रश्न
वाहतूक नियोजनाचा अभ्यास करताना कर्ट ड्रेसनर आणि पीटर स्टोन या संशोधकांनी २००४ साली मांडलेली आरक्षण पद्धत वाचनात आली. चौकाकडे येणारी स्वयंचलित गाडी आपला वेग, लेन आणि पोहोचण्याची वेळ आधीच कळवते. चौकाचा संगणक तेथील जागा छोट्या चौकटींत विभागतो आणि गाडीच्या वाटेतील एकही चौकट त्या क्षणी दुसऱ्या कोणाला दिलेली नसेल तरच होकार देतो. नकार मिळाल्यास गाडी वेग कमी करून पुन्हा विचारते. पद्धत मला मनापासून पटली, परंतु दोन शंका राहतात. ‘जो आधी मागेल त्याला आधी’ हा न्याय गर्दीत टिकतो का, आणि पायी चालणाऱ्याने आरक्षण मागायचे कसे?

प्रतिसाद १
पहिली शंका रास्त आहे. मुख्य रस्त्यावरून दहा गाड्यांची सलग रांग येत आहे आणि बाजूच्या गल्लीतील एकाच गाडीने पाचव्या गाडीच्या आधी मागणी नोंदवली, असे समजा. त्या एका गाडीसाठी रांग मधोमध तुटते, मागच्या सहा गाड्या मंदावतात आणि पुढच्या चौकातही त्यांची लय बिघडलेलीच राहते. लेविन, बॉइल्स आणि पटेल या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, अशा काही परिस्थितींत ही पद्धत साध्या सिग्नलपेक्षाही वाईट ठरते. म्हणून एकाच दिशेच्या काही गाड्यांचा गट करून त्यांना एकत्र सोडणे मला अधिक योग्य वाटते. एखाद्या गाडीला थोडे अधिक थांबावे लागते, पण एकूण खोळंबा घटतो.

प्रतिसाद २
यात संदेशाला लागणारा वेळही धरावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते, म्हणजे संदेश एक दशांश सेकंद उशिरा पोहोचला तरी ती जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओला असेल तर थांबण्याचे अंतरही वाढते. त्यामुळे प्रत्येक गाडीभोवती मोकळी जागा राखावीच लागते, आणि ही जागा जितकी वाढवावी तितकी चौकाची क्षमता घटते. होकार मिळेपर्यंत गाडीने चौकात शिरायचेच नाही, हा नियम मात्र उत्तम आहे, कारण संपर्क तुटला तरी गाडी रेषेबाहेरच थांबते.

प्रतिसाद ३
दुसऱ्या शंकेबद्दल मला अधिक काळजी वाटते. माणसे चालवत असलेल्या गाड्यांसाठी ड्रेसनर आणि स्टोन यांनीच सिग्नलचे दिवे कायम ठेवणारा प्रकारही सुचवला होता. त्यात जागा मोकळी असेल तर स्वयंचलित गाडीला लाल दिव्यावरही पुढे जाता येते. आता १२ मीटर रुंद रस्ता ओलांडणारी, सेकंदाला एक मीटर चालणारी वृद्ध व्यक्ती डोळ्यांपुढे आणा. तिला १२ सेकंद लागतात, आणि मध्येच ती थबकली तर त्याहून अधिक. तिच्या मागून-पुढून गाड्या सोडणे गणिताने शक्य असले, तरी तिला रस्त्यावर पाऊल टाकण्याचे धैर्य होणार नाही. म्हणून बटण दाबताच किंवा कॅमेऱ्याला माणूस दिसताच रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यावरील सर्व चौकटी ती पलीकडे पोहोचेपर्यंत तिच्याच नावे राखून ठेवाव्यात, आणि तिला समजेल असा दिवा तेथे असावाच. यामुळे क्षमता घटेल, हे मान्य आहे. चौकाची क्षमता मोजताना केवळ गाड्या न मोजता ओलांडणारी माणसेही मोजली, तर ही घट तितकी मोठी दिसणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. माझ्या प्रतिमानात आता गटाने गाड्या सोडण्याची पद्धत घेईन आणि पादचाऱ्याच्या चौकटी सर्वांत आधी राखून मगच गाड्यांच्या मागण्या तपासेन.