नागपूरच्या उन्हाळ्यासाठी चिखलदऱ्यात घर घ्यावे का?

प्रश्न:
आम्ही दोघे सेवानिवृत्त असून नागपुरात राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कूलरसमोर बसूनही जीव कासावीस होतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात लहानसे घर घेऊन एप्रिल ते जून तेथे राहावे, असा विचार आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १:
माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. नऊ महिने बंद राहणाऱ्या घरात पावसाळ्यात ओल धरते, भिंतींना बुरशी येते, लाकडाला वाळवी लागते. आमच्या पाचगणीतील घरात दर वर्षी पहिले आठ दिवस साफसफाईतच जात, आणि शेवटी आम्ही ते विकले. त्यापेक्षा दोन महिने भाड्याने राहावे.

प्रतिसाद २:
पैशांआधी प्रकृतीचा विचार करावा, अशी कळकळीची विनंती आहे. माझ्या वडिलांना छातीत दुखू लागल्यावर रात्री चिखलदऱ्याहून घाट उतरून परतवाड्याला न्यावे लागले. तो प्रवास मी विसरू शकत नाही. तरीही घर घ्यायचेच असेल, तर शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, हे ध्यानात घेऊन प्लॉट बिगरशेती झाल्याची कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीत.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे, हे मी लिहायला हवे होते. येत्या मे महिन्यात आम्ही भाड्यानेच राहून पाहू.