‘सेट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

रावेर_बागायत:
राम राम मंडळी. केळी आणि डाळिंबवाल्यांसाठी ठिबकचं एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. दोन पानांत ‘सेट’ चौदा वेळा आलाय. व्हॉल्व्हचा सेट, प्रेशर सेट करा, सोल्व्हंट सिमेंट सेट होऊ द्या, फिल्टरचा ओटा सेट झाल्यावर, फ्रूट सेटनंतर खत. सगळीकडे ‘सेट’च ठेवला तर चालेल का? आपल्याकडे ‘सेट करी टाक’ तर सगळेच म्हणतात.

अमळनेरी:
बोलताना चालतं, कारण समोर वस्तू असते. कागदावर नाही चालणार. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, अर्थ 430च्या वर. (आता ‘रन’ पुढे गेलाय, नुसत्या क्रियापदाचेच 645.)

पण घाबरू नका, मुळात हे दोन शब्द आहेत. क्रियापद ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे आपलं बसणे आणि बसवणे. म्हणून आधी ‘बसवणे’ लावून पाहायचं: हाड बसवलं, खडा कोंदणात बसवला, व्हॉल्व्ह बसवला. नाही जमलं तर ‘लावणे’: गजर लावला, सापळा लावला. दुसरा ‘सेट’ समूहाचा. तो जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे पंथ, अनुयायी. तिथे संच किंवा जोडी. गणिताच्या पुस्तकातही संचच आहे. पंपसेट मात्र पंपसेटच राहू द्या, ‘पंपसंच’ लिहिलंत तर दुकानदारही विचारात पडेल.

प्रेशरला ‘बसवा’ही नको आणि ‘सेट करा’ही नको. कृती लिहा: ‘काट्यावर 1 किलो दाब दिसेपर्यंत बायपास व्हॉल्व्ह फिरवा.’

गवंडीकाम_भुसावळ:
ओट्याच्या ओळीत ‘वाळल्यावर’ लिहू नका, भो. ही चूक हमखास होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. ‘वाळू द्या’ वाचलं की माणूस पाणी मारत नाही, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात ओटा तडकतो, वरचा थर भुसभुशीत होतो.

शिवाय सेट होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग वेळ किमान 30 मिनिटं, शेवटचा जास्तीत जास्त 600 मिनिटं. म्हणजे 10 तासांत ते आवळलेलं असतं, पण फिल्टरचं वजन झेलायला तयार नसतं. असं लिहा: ‘काँक्रीट आवळल्यावर ओल्या गोणपाटाने झाका. 10 दिवस ओलं ठेवा, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर 14.’ कोरड्या, उष्ण हवेसाठी भारतीय मानकातले हे किमान दिवस आहेत.

सोल्व्हंट सिमेंट याच्या उलट. नाव सिमेंट, पण त्याला पाण्याचं वावडं. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. पाइप कोरडा पुसा, दोन्हीकडे लावा, पाव फेरा देत आत ढकला, अर्धा मिनिट दाबून धरा. नाहीतर निमुळता सॉकेट पाइपला मागे लोटतो. ‘जोड पक्का होऊ द्या’ म्हणा आणि पुढे 24 तास दाबाचं पाणी सोडू नका, हे स्पष्ट लिहा.

जाता जाता: स्लॅबखालचं ‘सेंट्रिंग’ या ‘सेट’मधलं नाही. त्याला ‘सेटिंग’ म्हणणारे खूप भेटतात. आणि टेंडरवाली ‘सेटिंग’ पत्रकात येणार नाही असं धरतो.

गिरणाकाठ:
फ्रूट सेट म्हणजे फळधारणा. डाळिंबवाले ‘सेटिंग झाली’ म्हणतात, ते कंसात द्या. त्याला ‘फूल लागणे’ लिहिलंत तर घोटाळा होईल. फूल लागलेलं असताना मधमाश्या हव्या असतात, तेव्हा कीटकनाशक टाळायचं. धारणा म्हणजे पाकळ्या गळून खालचा भाग फुगायला लागलेला. खताचा हप्ताही त्यावरच ठरतो.

केळीच्या पानावर मात्र हा शब्दच काढून टाका. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची फळं परागीभवनाशिवाय वाढतात, ‘फळधारणा’ वाचून कुणी परागीभवनाचं औषध शोधत बसेल. तिथे ‘निसवण’, म्हणजे घड बाहेर पडणं. ‘घड निसवल्यावर’ म्हटलं की रावेर-सावद्यात शेंबडं पोरही समजतं.

उसाचं पान असेल तर स्पेलिंग बघा. शेवटी दोन ‘टी’ असतील तर तो ‘सेट’ म्हणजे टिपरी, लागवडीचं बेणं.

रावेर_बागायत:
आभारी आहे भाऊ लोक. एक अडलंय. ‘द टेक्निशियन सेट द टायमर’ याचं ‘लावतो’ की ‘लावला’?

अमळनेरी:
लावला. वर्तमानकाळ असता तर शेवटी ‘स’ आला असता, ‘सेट्स’. कर्ता अनेकवचनी असेल तर ही खूण मिळत नाही, कारण क्रियापदाची तिन्ही रूपं (सेट, सेट, सेट) सारखीच. मग आजूबाजूची वाक्यं कोणत्या काळात आहेत ते पाहायचं. आणि वाक्य थेट ‘सेट’नेच सुरू होत असेल तर ती सूचना: ‘टायमर लावा’.