मदत हवी आहे: घरच्या डेस्कटॉपला रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरणं) कार्ड घ्यावं की सॉफ्टवेअर रेड पुरेल?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. आजोबांचे फोटो, पणजीची मोडीतली पत्रं असं सगळं दोन वर्षं स्कॅन करतोय. गेल्या महिन्यात डिस्क टकटक वाजायला लागली आणि दुसऱ्या दिवशी बंदच पडली. बाबांनी काढलेले सुरसागर तलावातल्या विसर्जनाचे चाळीसेक फोटो गेले. निगेटिव्हना बुरशी लागलीय, ते आता परत मिळायचे नाहीत. फार जिवाला लागलंय.

आता ४ टीबीच्या दोन डिस्क आणल्यात, रेड १ (मिररिंग, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत) करायचंय. दुकानदार म्हणतो, कार्डच घ्या. पण कार्ड जळलं तर बहुतेक वेळा त्याच जातीचं दुसरं शोधावं लागतं, आणि पाच वर्षांनी ते कुठून आणू? मदरबोर्डवरचं रेड मी बाद केलंय. ते नावाला हार्डवेअर, काम ड्रायव्हर आणि प्रोसेसरच करतात. लिनक्सचं एमडीएडीएम (mdadm, सॉफ्टवेअर रेडचं साधन) बरं वाटतं: रेडची माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडली तरी चालते.

अडचण अशी की बायको याच मशीनवर विंडोजमध्ये टॅली चालवते, आणि विंडोजला ते रेड दिसणार नाही. फोटो दोघांनाही लागतात. मग विंडोजचंच मिररिंग वापरू का? कुणी वर्षानुवर्षं वापरलंय?

शिवाय यूपीएस नाही. लिहिताना वीज गेली तर एमडीएडीएमचा बिटमॅप (डिस्कच्या कुठल्या भागात लिहिणं चालू होतं याची नोंद) पुरतो, की आधी यूपीएसच घेऊ?

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कळतं. तिसरी प्रत मांजलपूरला मावशीकडे ठेवणार आहे.