कंपवात : दोष जनुकाचा की फवारणीचा?

द्राक्ष बागायतदार, तासगाव
माझ्या चुलतभावाला अडतिसाव्या वर्षी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, निदान झाले. त्याआधी दोन वर्षे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावरची त्याची सही बारीक होत चालली होती, शेवटची तर मुंगीएवढी. पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. आता मिरजेच्या डॉक्टरांनी जनुकचाचणी सुचवली आहे. माझ्या मते तो खर्च वाया जाईल. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांचा या आजाराशी संबंध संशोधकांना आढळला आहे, आणि आम्ही तर तोंडाला नुसता रुमाल बांधून तणनाशक मारत आलो. जनुकाकडे बोट दाखवले की विषाची चर्चा संपते.

निवृत्त शिक्षिका (जीवशास्त्र), सांगली
विषाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, निष्कर्ष नाही. इतक्या कमी वयात कंपवात सुरू झाला की पार्किन या जनुकाचा विचार करावाच लागतो. जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये ते शोधले. जनुक बिघडले म्हणून डोपामिन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूतले रसायन, बनवण्याची कृतीच पेशी विसरते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपामिन बनवण्याची कृती पेशीला येतच असते, पेशीच उरत नाही. पार्किन आणि पिंक-१ या प्रथिनांची जोडी निकामी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, हुडकून मोडीत काढते. ते काम थांबले की मध्यमेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील, मुळातच ऊर्जेचा मोठा खर्च असलेल्या पेशी हळूहळू मरतात. त्यात डोपामिन पुटिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, बंद असेपर्यंतच निर्धोक असते. पेशीद्रवात सांडले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि ज्या पेशीने ते बनवले तिलाच ते पोळते. जनुकातला हा दोष बहुधा आई आणि वडील अशा दोघांकडून यावा लागतो, म्हणून विचारते : भावाच्या आईवडिलांचे लग्न नात्यात झाले होते का?

द्राक्ष बागायतदार, तासगाव
होय, काकांनी मामाचीच मुलगी केली. आपल्याकडे त्यात वावगे काहीच नाही. परंतु रोटेनोनही मायटोकॉन्ड्रियावरच घाव घालते. मग जनुक वेगळे आणि फवारणी वेगळी कशी?

औषध दुकानदार, विटा
माझा विरोध चाचणीच्या उपयोगालाच आहे. अहवाल काहीही आला तरी गोळी लेव्होडोपा-कार्बिडोपाचीच राहणार; बोभाटा मात्र होईल आणि धाकट्या बहिणीचे लग्न अडेल.

निवृत्त शिक्षिका (जीवशास्त्र), सांगली
गोळी तीच असली तरी तरुण रुग्णाला तिच्यामुळे अंगाच्या अनैच्छिक हालचाली लवकर सुरू होण्याचा धोका असतो, आणि पार्किनचा कंपवात बहुधा संथ गतीने वाढतो. पुढची वीस-तीस वर्षे आखताना हे ठाऊक असणे लहान गोष्ट नव्हे. बहिणीबाबत बोलायचे तर, या जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या व्यक्तीला सहसा आजार होत नाही. अडचण पुन्हा नात्यातच सोयरीक केली तर येईल.

द्राक्ष बागायतदार, तासगाव
चाचणीला आता माझी हरकत नाही. मात्र निर्यातीच्या बागेसाठी ठेवलेली फवारणीची वहीही मी डॉक्टरांसमोर ठेवणार, आणि आधी ती वाचा असे सांगणार.