मदत हवी आहे : विहिरींच्या पाण्याचा अभ्यास विनामूल्य करून देणारे तज्ज्ञ

नमस्कार. रायगड जिल्ह्यात औद्योगिक वसाहतीला लागून आमचे गाव आहे. तीन पावसाळ्यांपासून वसाहतीच्या बाजूच्या विहिरींचे पाणी उपसले की तासाभरात कळशीच्या तळाशी तांबूस साका बसतो आणि त्या पाण्याच्या चहाला कडवट चव येते. तक्रारअर्ज झाले, उत्तर एकच, 'पुरावा द्या'. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेले, तेव्हा तिथल्या बाईंनी समजावले, की धातूंच्या तपासणीचा नमुना स्वच्छ बाटलीत, नायट्रिक आम्ल घालूनच आणावा लागतो. चूक आमचीच होती. पण हे आम्हाला सांगणार कोण?

अमेरिकेत 'थ्रायव्हिंग अर्थ एक्स्चेंज' हा उपक्रम अशा वस्त्यांना स्वयंसेवी शास्त्रज्ञ जोडून देतो, आणि नेदरलँड्समधील विद्यापीठांत १९७०च्या दशकापासून 'सायन्स शॉप', म्हणजे नागरिकांच्या प्रश्नांवर संशोधन करून देणारी केंद्रे, चालत आली आहेत. आपल्याकडे असे काम करणारे महाविद्यालय, संस्था किंवा निवृत्त भूजलतज्ज्ञ कोणाच्या माहितीत आहेत का? नमुने कुठून, कोणत्या महिन्यात घ्यावेत आणि आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी आकडे कसे ताडावेत, एवढे मार्गदर्शन मिळाले तरी पुष्कळ. हरित लवादाकडे जायचे ठरले, तर मुदतीचाही प्रश्न आहे, म्हणून थोडी घाई आहे. प्रवासखर्च आणि जेवणाची सोय गाव करील. मानधन मात्र देता येणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो.